कुवेतहून आलेलं यंत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी माळ्यावर एक यंत्र आहे. दहा-बारा किलो वजन, आणि अंगावर अम्मीनं विणलेलं क्रोशाचं झाकण. १९८५ साली माझे मामू ते कुवेतहून घेऊन आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातली बरीच माणसं तेव्हा आखातात होती आणि सुट्टीवर आलेल्याच्या सामानावरून त्याचं तिकडे कसं चाललं आहे, याचा अंदाज गाव बांधत असे. मामूंच्या सामानातून व्हीसीआर निघाला तेव्हा त्यांचा भाव एकदम वधारला.

तो भाव आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी मामू आणि मी एसटीनं तालुक्याला गेलो. तिथं एकच व्हिडिओ लायब्ररी होती. दुकानदारानं विचारलं, "मशीन कुठलं?"

"जपानी," मामू रुबाबात म्हणाले.

"ते ठीक. पण व्हीएचएस का बीटा?"

मामूंनी यंत्रावरचं नाव आठवून सांगितलं. दुकानदारानं मान हलवली. "बीटाची एकही कॅसेट नाही आपल्याकडे, भाईसाहेब. सगळा माल व्हीएचएस."

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. परतीच्या एसटीत मामू एक शब्द बोलले नाहीत. त्या दोन नावांमागे काय भानगड होती, हे कळायला मला पुढे वीस-पंचवीस वर्षं लागली. तेही माझ्या मुलामुळे कळलं.

भानगड अशी होती. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम फितीवर उतरवून घेता यावा, म्हणून जपानच्या सोनी कंपनीनं १९७५ साली बीटामॅक्स बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीनं व्हीएचएस आणलं. फीत दोन्हींची अर्धा इंच रुंदीची. तत्त्वही एकच. यंत्राच्या पोटात एक छोटा ढोल गरगर फिरतो आणि त्याच्यावरची हेड फितीवर तिरपे पट्टे ओढत जातात. पण कॅसेटचा आकार वेगळा, फीत ढोलाभोवती गुंडाळण्याची तऱ्हा वेगळी आणि पट्ट्यांचं मापही वेगळं. म्हणजे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या तोंडात जायचीच नाही, आणि बळेच घातली असती तरी त्याला ती वाचता आली नसती. देवनागरी येणाऱ्यासमोर उर्दूचं पुस्तक ठेवावं, तसं. भाषा कळत असते, अक्षर लागत नाही.

बीटाचं चित्र फार सरस होतं, असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. सुरुवातीला ते थोडं उजवं होतं, पण घरातल्या टीव्हीवर फरक उन्नीस-बीसचाच. खरा फरक वेळेचा होता. अमेरिकेत आणि जपानात बीटाची पहिली कॅसेट एक तास चाले, व्हीएचएसची दोन तास. एका तासात सिनेमा मावत नाही. अमेरिकेतली आरसीए कंपनी तर याहून पुढे गेली. तिला तिकडचा फुटबॉलचा अख्खा सामना एका कॅसेटवर हवा होता, म्हणून १९७७ साली तिनं चार तास चालणारं व्हीएचएस यंत्र विकायला काढलं. (क्रिकेटच्या कसोटीला किती लागल्या असत्या, हा हिशेब मी एकदा केला आणि सोडून दिला.) शिवाय जेव्हीसीनं आपलं तंत्र मोकळ्या हातानं इतर कंपन्यांना दिलं, त्यामुळे व्हीएचएसची यंत्रं करणारे वाढले, किमती उतरल्या. पुढे बीटाच्याही लांब कॅसेट आल्या. मामूंनी आणलेली एल-७५० आपल्याकडच्या पद्धतीत सव्वातीन तास चालायची. पण तोवर लायब्रऱ्यांची फडताळं व्हीएचएसनं भरून गेली होती. गिऱ्हाईक कॅसेट बघून यंत्र घेई आणि दुकानदार गिऱ्हाइकाचं यंत्र बघून कॅसेट ठेवी. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं कठीण. १९८८ साली खुद्द सोनीनंही व्हीएचएस यंत्रं विकायला घेतली.

कोर्टात मात्र बीटामॅक्स जिंकलं. टीव्हीवरचा कार्यक्रम उतरवून नंतर पाहणं ही चोरी आहे, असं म्हणत अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्यांनी सोनीवर दावा लावला होता. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला. त्या निकालाचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला झाला म्हणाल, तर व्हीएचएसवाल्यांना.

आता आमच्या यंत्राकडे येतो. सिनेमे मिळेनात, म्हणून मामूंनी पुढच्या सुट्टीत एक कॅमेरा आणला. तोही बीटाचाच. त्यात फक्त चित्रण व्हायचं, पाहता यायचं नाही. पाहण्यासाठी कॅसेट काढून मोठ्या यंत्रात घालावी लागे. ती सुट्टी १९८६ ची. त्याच सुट्टीत माझ्या धाकट्या खालाचं लग्न झालं, आणि हळदीच्या रात्री मामूंनी तो कॅमेरा कोपऱ्यात स्टुलावर चालू करून ठेवला.

त्या रात्री नानी गायली. आमच्याकडे कोकणी मुसलमानांच्या लग्नात बायका गाणी म्हणत. बोली आमची, कोकणी-मराठी. शब्द कुणी लिहिलेले नसत. नानीला अशी किती गाणी येत होती, याची मोजदाद कुणी केली नाही. मी पुढे बी.ए.ला मराठी घेतलं, कविता लिहायला लागलो, संमेलनांत वाचल्या. माझ्या कवितेत लय कुठून आली, असं कुणी विचारलं तर मी वाचलेल्या कवींची नावं सांगायचो. नानीचं नाव सांगायचं मला फार उशिरा सुचलं. ती १९९१ साली गेली. तिचा आवाज त्या एका कॅसेटवर होता. लग्नानंतरच्या आठवड्यात आम्ही ती दोन-तीनदा पाहिली, मग मामू कुवेतला गेले आणि यंत्रावर झाकण पडलं.

मधल्या काळात घरात व्हीसीडी आली. १९९३ साली निघालेला हा प्रकार युरोप-अमेरिकेत फारसा चालला नाही, आपल्याकडे मात्र गल्लोगल्ली पसरला. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं. त्यामुळे हिंदी सिनेमाला दोन-तीन तबकड्या लागत, आणि तबकडी बदलताना चहा होई. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्यानं आणण्यात अर्थच उरला नाही. डीव्हीडीच्या वेळी भांडण होता होता टळलं होतं. १९९५ साली सोनी-फिलिप्सचा एक नमुना होता आणि तोशिबा, मात्सुशिता वगैरेंचा दुसरा. पण तबकडी कॉम्प्युटरमध्येही बसणार होती. आयबीएमसारख्या कॉम्प्युटर कंपन्यांनी सांगितलं, दोन चालणार नाहीत, एकच आणा. मग तडजोड झाली. गिऱ्हाईक इतकं मोठं असलं की भांडणं मिटतात. मामूंच्या बाजूनं असं बोलणारं कुणी नव्हतं.

पुढची लढाई मात्र कुणी मिटवली नाही. मला ती समजावून सांगितली माझ्या मुलानं, वयाच्या नवव्या वर्षी. २००९ मध्ये मामूंचा मुलगा कुवेतहून आला आणि त्याच्या सामानात निघालं प्लेस्टेशन ३. आमचे चिरंजीव दोन दिवस त्याच्यासमोरून हलले नाहीत. मी म्हटलं, "गेमच्या डब्यासाठी इतके पैसे?" तो म्हणाला, "अब्बा, हा नुसता गेमचा डबा नाही. यात ब्ल्यू-रे आहे."

माझ्या डोळ्यांपुढे तालुक्याचा दुकानदार उभा राहिला. मी विचारलं, "याच्या तबकड्या मिळतात का पण?"

मिळत होत्या. कारण निकाल आदल्या वर्षीच लागला होता. डीव्हीडीवर लाल लेसर चालतो, त्याच्या लहरीची लांबी ६५० नॅनोमीटर. नवीन तबकड्यांसाठी निळा-जांभळा लेसर आला, ४०५ नॅनोमीटरचा. बारीक टोकाच्या पेननं त्याच वहीत जास्त मजकूर मावतो, तसा लहान लहरीमुळे त्याच बारा सेंटिमीटरच्या तबकडीवर जास्त मजकूर मावतो. हा निळा प्रकाश मिळवायला शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते याच कामाच्या मुळाशी आहे. या लेसरवर सोनीच्या गटानं ब्ल्यू-रे काढली, एका थरात २५ जीबी. तोशिबानं एचडी-डीव्हीडी काढली, एका थरात १५ जीबी. एचडी-डीव्हीडीची जमेची बाजू अशी, की तिची घडण जुन्या डीव्हीडीसारखी असल्यानं जुन्याच कारखान्यांत ती स्वस्तात निघे. २००६ मध्ये तोशिबाचं यंत्र ४९९ डॉलरना मिळत होतं, तर ब्ल्यू-रेचं पहिलं यंत्र हजार डॉलरच्या घरात. यावरून कुणीही म्हटलं असतं, तोशिबा जिंकणार.

इथं गेमचा डबा मध्ये आला. सोनीनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ काढलं आणि प्रत्येक यंत्रात ब्ल्यू-रे बसवून दिलं. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. एवढ्यात तो डबा बनतसुद्धा नव्हता, कंपनी घाट्यात विकत होती. मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्सबॉक्स ३६० ला एचडी-डीव्हीडी दिली, पण वेगळी जोडायची, वरचे १९९ डॉलर मोजून. तशी वेगळी वस्तू फार थोडे लोक घेतात. पोरांनी हट्ट धरला गेमसाठी, बापांनी पैसे मोजले गेमसाठी, आणि तबकडीचं यंत्र आपोआप घरात शिरलं. २००७ अखेर जगभरात एक कोटीच्या आसपास प्लेस्टेशन ३ गेले होते. एचडी-डीव्हीडीची यंत्रं दहा लाखांच्या आसपास. सिनेमा कंपन्या दोन तटांत विभागल्या होत्या, त्यांनी हा हिशेब वाचला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ब्रदर्सनं ब्ल्यू-रेचा पक्ष घेतला, फेब्रुवारीत वॉलमार्टनं, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं माघार जाहीर केली.

तोशिबाची मला खरोखर कणव येते. बीटाच्या दिवसांत ती सोनीच्या बाजूनं होती, तेव्हा हरली. या खेपेला विरुद्ध गेली, तेव्हाही हरली. आणि प्लेस्टेशन ३ च्या आत जो सेल नावाचा प्रोसेसर आहे, तो सोनी आणि आयबीएमबरोबर मिळून विकसित केला होता कुणी? याच तोशिबानं.

जिंकलेल्यांचंही काही फार लांबलं नाही. सिनेमे इंटरनेटवरून येऊ लागले. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ निघालं तेव्हा त्याचा एक प्रकार तबकडीची फटच नसलेला होता. घरी मजकूर उतरवायच्या कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्या करणं सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. बीटाची नवी यंत्रं २००२ मध्येच थांबली होती, कॅसेट मार्च २०१६ मध्ये. व्हीएचएसचीही शेवटची यंत्रं त्याच वर्षी जुलैत बनली.

बीटाच्या कॅसेट आता बनणार नाहीत, ही बातमी मी २०१६ साली वाचली आणि माळ्यावर चढलो. यंत्रातले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झाले होते. कॅसेट डब्यात होती, पण कोकणातल्या तीस पावसाळ्यांनी फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. मित्रहो, तुमच्याकडे अशी जुनी कॅसेट असेल तर ती उत्साहानं कुठल्याही यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर बसते, फीत फाटते, आणि पुढची कॅसेटही बाधते. आधी साफ करणारा माणूस शोधा. मला तो मुंबईत सापडायला चार महिने लागले. जुनी यंत्रं सांभाळणारा म्हातारा गृहस्थ, बीटाचं एकच चालू यंत्र, तेही त्यानं तीन मोडक्या यंत्रांचे भाग जमवून उभं केलेलं. त्यानं कॅसेट ठेवून घेतली आणि सांगितलं, "एकदाच चालवणार. जे मिळेल ते तुमचं."

अकरा मिनिटं मिळाली. चित्र नुसतं वर-खाली सरकत होतं, त्यात मधूनच हिरवी बांगडी, कुणाचं तरी डोकं. आवाज मात्र बराच स्वच्छ होता. सुरुवातीला नानी मामूंवर ओरडते, "तो डबा तिकडं फिरव!" मग ढोलक, आणि मग ती गाते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कॅमेऱ्याची बॅटरी संपली असावी.

मी ते गाणं ऐकून ऐकून उतरवून काढलं. एक शब्द काही केल्या लागेना. पेन ड्राइव्ह घेऊन मुंब्र्याला खालाकडे गेलो. तिनं डोळे मिटून ऐकलं. शब्द सांगितला, होडीच्या एका दोरीचं नाव होतं ते. पेन ड्राइव्हवरचा आवाज तुटला तरी ती थांबली नाही, पुढचं कडवं म्हणत राहिली. मी खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू करेपर्यंत दोन ओळी निघून गेल्या होत्या.

"खाला, तेवढं परत म्हण ना."

"आता नाही यायचं तसं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.