बोट जुळत नाही

सकाळी ६.३०. पनवेल एसटी स्टँड. धोदाणीची गाडी लागली आहे. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी खिडकीशी बसते. बायकांना तिकीट अर्धं, तेवढीच बचत. पिशवीत झेरॉक्स, पॉवर बँक, डबा आणि एक ओला रुमाल. रुमालाचं काम पुढे आहे.

७.४५. माथेरानच्या डोंगराखालची कातकरी वाडी. पावसाळा म्हणून माणसं घरी आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली की उन्हाळा सरतानाच परततात. कागदांची कामं म्हणून याच महिन्यांत. रेंज फक्त टेकाडावर. एका बाईच्या आधारला जोडलेला नंबर भट्टीच्या मुकादमाचा निघतो. म्हणजे ओटीपी त्याच्या खिशात. नंबर बदलायचे ७५ रुपये. पनवेलच्या खेपेत बुडणारी मजुरी त्याच्या कितीतरी पट.

१०.००. रेशन दुकान. वाडीतल्या एका आजीचं कार्ड अंत्योदय, महिन्याला ३५ किलो. मशीनवर उजवा अंगठा. जुळत नाही. डावा. नाही. रुमालाने बोटं पुसून पुन्हा. तर्जनी, मधलं बोट, करंगळी. गारा कालवून, विटा थापून रेषाच झिजल्यात. दुकानदार वाईट माणूस नाही. "ताई, मशीनच घेत नाही, मी काय करू?" ती वाद घालत नाही. केंद्राचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र पुढे ठेवते. बोट जुळलं नाही म्हणून धान्य अडवायचं नाही, वेगळ्या वहीत नोंद करून द्यायचं. तो चष्मा लावून वाचतो. दोन फोन करतो. मागे रांग कुरकुरते. पाऊण तासाने वही निघते.

११.४०. धान्य दोन पोत्यांत. रिक्षावाला शंभर मागतो, म्हणून पायी. चढ, त्यात चिखल.

१२.३०. भाकरी, सुकटीची चटणी. सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल ती आजीला सांगते. ॲसिडने डोळे भाजलेल्या बाईला बँकेच्या केवायसीत पापण्या मिटून दाखवायला सांगितलं होतं. न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. आजी ऐकून घेते. "माझं डोळं चालतंत. अंगठाच मेला."

३.३०. पुन्हा पनवेल. वाडीतल्या एकाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज. आदिवासींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. पणजा शाळेतच गेला नव्हता, कागद कुठून यायचा? ती गृहचौकशीची विनंती जोडते आणि पावती मिळेपर्यंत खिडकी सोडत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला मुदतीत द्यावा लागतो. पावती असली तरच मुदत मोजता येते.

५.१०. चहा आणि हिशेब. तिकीट, झेरॉक्स, चहा. सगळे पैसे तिचेच. दिवसात पुरं झालं ते एक काम, ३५ किलो. पुढच्या महिन्यात मशीन पुन्हा नाहीच म्हणणार.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर सांगा: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने आदिवासींना आणि स्त्रियांना वकील फुकट मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.