मनाची निःशब्दता

नित्याच्या जाणिवेपलीकडे काही आहे काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा ग्रंथवचनांच्या आधारे होते. अनुभव घेणाऱ्याने स्वतः सांगितलेला आणि स्थळकाळ ज्ञात असलेला दाखला हाती आला, की चर्चेचे स्वरूप पालटते. अरविंद घोष यांना जानेवारी १९०८ मध्ये बडोदे येथे आलेला अनुभव अशा दाखल्यांपैकी आहे.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस दुभंगली. जहाल पक्षाचे एक पुढारी या नात्याने अरविंदबाबू त्या धामधुमीत होते. तेथून ते बडोद्यास आले. हे शहर त्यांना परके नव्हते. १८९३ पासून १९०६ पर्यंत ते त्या संस्थानच्या सेवेत होते. प्राणायामाचा अभ्यासही त्यांनी तेथेच आरंभिला होता. पुढे राजकारणाच्या व्यापात त्यात खंड पडला. मात्र मोक्षाची तळमळ हे त्यामागील कारण नव्हते. देशकार्यासाठी सामर्थ्य हवे, एवढाच त्यांचा हेतू होता. धाकटे बंधू बारींद्र यांनी त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी घालून दिली, आणि एका घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत दोघे साधनेस बसले.

लेल्यांची सूचना अगदी साधी होती. विचार आपल्या मनातच उपजतात असे आपण समजतो. वस्तुतः ते बाहेरून येतात. येताना ते दिसले, की आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवून लावावे. ही कल्पना अरविंदबाबूंना पूर्वी कधी सुचलेली नव्हती. तथापि वाद न घालता त्यांनी तसे केले. विचार खरोखरच बाहेरून येताना त्यांना दिसले, आणि तीन दिवसांत मन रिकामे झाले. मूळ इंग्रजी शब्दासाठी ‘शांतता’ हा प्रतिशब्द येथे अपुरा पडतो, कारण शांत मनातही विचार असू शकतात. येथे ते थांबलेच होते. म्हणून ‘निःशब्दता’ हा शब्द योजिला आहे.

याचा परिणाम दोघांनाही अनपेक्षित होता. लेले भक्तिमार्गी होते. शिष्याला मात्र सभोवतालचे जग पडद्यावरील पोकळ आकृतींसारखे भासू लागले आणि एक निर्गुण, निराकार सत्ताच सत्य वाटू लागली. एवढ्यावरून जग मिथ्या ठरते काय? अनुभवाची उत्कटता हा त्यावरील निष्कर्षाचा पुरावा होत नाही, आणि अरविंदबाबूंनीही पुढे जगन्मिथ्यात्व हा अखेरचा शब्द मानला नाही.

त्या वेळी अडचण निराळीच होती. १९ जानेवारी रोजी मुंबईत व्याख्यान द्यावयाचे होते आणि मनात एकही विचार नव्हता! लेल्यांनी सांगितले, सभेला नमस्कार करून स्वस्थ थांबावे, वाणी आपोआप येईल. तसेच घडले. पुढे कलकत्त्यास ‘वंदे मातरम्’ या दैनिकाचे संपादनही त्यांनी याच अवस्थेत केले.

काही काळाने लेले कलकत्त्यास गेले, तेव्हा त्यांनी ध्यान नियमाने चालू आहे ना, असे विचारले. अरविंदबाबूंनी नाही म्हटले. त्यांच्या दृष्टीने ध्यान दिवसभर चालूच होते, त्यासाठी वेगळे बसण्याचे प्रयोजन उरले नव्हते. पण हा खुलासा त्यांनी केला नाही. शिष्याला सैतानाने पछाडले आहे, असे लेल्यांनी ठरविले, आणि ते गुरुशिष्यनाते तेथेच संपले.