जोडणी : मेंदूतील आणि संगणकातील

आपण मराठी भाषक ज्यास शुद्धलेखन म्हणतो, त्यास सुरतेतील आपले गुजराती शेजारी ‘जोडणी’ म्हणतात. प्रस्तुत विषयाला हाच शब्द अधिक समर्पक आहे. शब्दाचे लेखन मेंदूतील असंख्य पेशींच्या परस्पर-जोडण्यांवर अवलंबून असते, आणि पक्षाघाताने त्या तुटल्या म्हणजे सुशिक्षित माणसाचेही लेखन विस्कटते. डाव्या मेंदूच्या एका विशिष्ट भागास इजा झाल्याने वाचन व लेखन दोन्ही लोपल्याचे उदाहरण फ्रेंच वैद्य देजेरीन यांनी १८९१ मध्येच नोंदविले होते.

परंतु सर्वांचे लेखन एकाच रीतीने बिघडत नाही. १९८१ मध्ये शॅलिस यांनी वर्णिलेला रुग्ण परिचित शब्द लिही. निरर्थक शब्द ऐकून मात्र त्यास लिहिता येत नसे. त्याच वर्षी ब्यूव्हा आणि देरुएने यांनी याच्या उलट रुग्ण वर्णिला : तो ध्वनीवरून लिही, पण अनियमित शब्दांत चुके. मराठीत असा रुग्ण ‘विशेष’ऐवजी ‘विशेश’ किंवा ‘आणि’ऐवजी ‘आणी’ लिहील. यावरून लेखनाचे दोन मार्ग मानले जातात : एक स्मृतीचा, दुसरा ध्वनीचा.

दोन्ही मार्गांनी आलेली अक्षरे लिहून होईपर्यंत क्रमाने धरून ठेवावी लागतात. १९९४ मध्ये हाउटन, ग्लासपूल व शॅलिस यांनी या क्रियेची संगणकीय प्रतिकृती रचली. तीत शब्दाची सर्व अक्षरे एकाच वेळी चेतविली जातात. सर्वांत प्रबळ अक्षर लिहिले जाते आणि लगेच दडपले जाते, म्हणून पुढच्यास वाव मिळतो. या व्यवस्थेत मुद्दाम व्यत्यय आणताच अक्षरे गळू लागली, त्यांची अदलाबदल होऊ लागली. आणि त्याही चुका रुग्णांप्रमाणेच लांब शब्दांत व शब्दांच्या मध्यभागी अधिक आढळल्या. प्रतिकृतीचे मोल येथेच आहे : ती बिघडतानाही माणसासारखी बिघडते.

ही प्रतिकृती रोमन अक्षरांवर उभी आहे. आपल्या लिपीत ‘दि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र मागून. असा क्रम मेंदू कसा सांभाळतो, हा प्रश्न देवनागरीच्या अभ्यासकांनीच हाती घ्यावयास हवा.

तात्पर्य, घरातील वडीलधाऱ्यांचे लेखन आजारानंतर बिघडले, तर केवळ तेवढ्यावरून त्यांची बुद्धी गेली असे समजू नये. परिचित, निरर्थक, आखूड आणि लांब शब्द सांगून तज्ज्ञांकडून परीक्षा करवावी. चुकांचा प्रकार पाहिला, म्हणजे कोणती जोडणी तुटली आणि कोणती शाबूत आहे, याचा अंदाज येतो. आणि उपचाराचा आरंभ शाबूत असलेल्या जोडणीपासून करता येतो.