गढूळ नळी आणि हार्डीचं गणित

धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी चालू होती. बोट टोचून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात पडायचा, काही मिनिटं जायची, मग तंत्रज्ञ ताई नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायच्या. रेघा स्पष्ट दिसल्या की पुढचा नंबर. द्रावण पातळ ताकासारखं गढूळ होऊन रेघा बुडाल्या, की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. ते एका पालकाकडून आलं की दोघांकडून, हे मात्र नळीला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी. नेहमीच्या ‘ए’ हिमोग्लोबिनचा आणि ‘एस’चा असे दोन्ही पट्टे उमटले तर माणूस वाहक, ‘ए’ उमटलाच नाही तर रुग्ण.

गढूळ नळी निघालेला एक तरुण म्हणाला, “ताई, मला तर कधी काही झालं नाही.”

“वाहकाला सहसा काही होत नाही, दादा. म्हणून तर तपासायचं.”

त्या उत्तराच्या मागे मोठं गणित आहे. समजा, १०० जणांत १८ वाहक आणि १ रुग्ण निघाला. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २००. त्यांत ‘एस’च्या २०, वारंवारता ०.१. तिचा वर्ग ०.०१, म्हणजे शंभरात एक रुग्ण. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे दाखवलं, की मोठ्या समाजात जोड्या यदृच्छेने जुळल्या आणि निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन यांनी ढवळाढवळ केली नाही, तर हे प्रमाण पिढ्यानपिढ्या तसंच राहतं.

प्रत्यक्षात ढवळाढवळ असतेच. रुग्ण मुलं लहानपणी दगावली की ‘एस’ घटायला हवा. पण वाहकाला घातक मलेरियापासून संरक्षण मिळतं. संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. मलेरियाच्या प्रदेशांत ‘एस’ टिकला तो असा. शिवाय मोजक्या कुळांतच सोयरिकी होत राहिल्या, तर रुग्ण गणितापेक्षा जास्त निघतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २० प्रतींचा हिशोब. त्यांतल्या १८ ठणठणीत वाहकांच्या अंगात आहेत, रुग्णाकडे फक्त २. तेव्हा रुग्णाच्या घराला नावं ठेवणं अन्यायाचं आहेच, निरर्थकही आहे. दोन्ही पालक वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. जोडीदाराचं हिमोग्लोबिन निर्दोष असेल, थॅलेसेमियाही नसेल, तर मूल रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल. म्हणून पत्रिका पाहण्याआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या.