दोष गोळीचा, बोल सुनेला

कर्वेनगरात दवाखाना थाटून मला तीसाहून अधिक वर्षे झाली. हे जुने हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली इथल्या माळावर झोपडी बांधून आपला विधवाश्रम आणला आणि पुढे त्यांचेच नाव वस्तीला लागले. बायकांच्या दुःखाची बूज जिथे एवढी राखली गेली, तिथलीच ही हकिकत आहे. नावे अर्थातच सांगत नाही.

एका सायंकाळी एक प्रौढ बाई सुनेला घेऊन आल्या. खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच म्हणाल्या, “डॉक्टर, हिला काहीतरी चांगलं औषध द्या. सहा वर्षं झाली लग्नाला, अजून घरात पाळणा नाही.” सून खाली मान घालून बसली होती. गळ्यात ताईत, मनगटाला दोरा आणि पिशवीत तपासण्यांच्या कागदांचा हा एवढा गठ्ठा! मी कागद चाळले. सारे ठीक होते.

“आणि चिरंजीवांची तपासणी?” मी विचारले.

“त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट आहे!” बाईंना माझा प्रश्नच अपमानाचा वाटला.

चार दिवसांनी चिरंजीव आले, तेही रात्री, दवाखाना रिकामा झाल्यावर. ट्रक चालवण्याचा धंदा. आठ वर्षांपूर्वी पडून कंबर दुखावली, तेव्हा ट्रॅमाडॉलची गोळी मिळाली होती. कंबर बरी झाली. गोळी मात्र राहिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा झाल्या. २०१८ पासून ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे; तरी चिठ्ठीवाचून देणारा कोणीतरी सापडत होताच. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “काका, एका दोस्तानं सांगितलं होतं, हिनं पुरुषाची ताकद वाढते. पहिल्यांदा वाटलंही तसं. आता इच्छाच मेलीय. घरी कोणाला सांगू?”

वाचकहो, ही समजूत आजची नाही. जुन्या वाजीकरणाच्या गोळ्यांत अफू घालीत, ती याच भरवशावर. अफूच्या जातीच्या औषधाने स्खलन लांबते, हे खरे. पण त्याला ताकद म्हणणे म्हणजे रहाट सावकाश फिरू लागला म्हणून विहिरीला पाणी वाढले, असे मानण्यासारखे आहे. इकडे विहिरीचे झरेच आटत असतात!

ते कसे, ते पाहा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो दर दीड-दोन तासांनी खालच्या पीयूषिका ग्रंथीला एक रासायनिक निरोप धाडतो. ती ग्रंथी रक्तावाटे वृषणांना हुकूम देते आणि वृषण टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी रस व शुक्रजंतू तयार करतात. अफू, मॉर्फिन, गर्द, कोडीन, ट्रॅमाडॉल ही सारी एकाच कुळातली मंडळी. त्यांचा मुक्काम लांबला की वरचा निरोपच मंदावतो. कारखाना शाबूत, पण मालकाची चिठ्ठीच येत नाही! मग इच्छा मावळते, ताठरता जाते, शुक्रजंतू घटतात. थकवा आणि उदासी येते, स्नायू झडतात, हाडेही विरळ होतात. किती आणि केव्हा, हे औषध, त्याची मात्रा व काळ यांवर अवलंबून असते. १९७५ सालीच अमेरिकेतील सिसेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तीसाठी मेथाडोन घेणारे पुरुष तपासले, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन व वीर्याचे प्रमाण बरेच खाली गेलेले आढळले होते.

आमच्या गड्याच्या तपासणीत तेच निघाले. सकाळी घेतलेल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी, वीर्यात शुक्रजंतू तुरळक.

“मग आजपासून गोळी बंद!” तो तावातावाने म्हणाला. मी त्याला थांबवले. अशी गोळी एकदम तोडली तर अंग मोडून येते, जुलाब लागतात, झोप उडते आणि माणूस पुन्हा गोळीकडेच धावतो. मात्रा पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते. आपल्या पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते गर्दच्या विळख्यातल्या पोरांसाठी. व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, ही दृष्टी तेव्हापासून इथे रुजली. दुसरी सूचना दिली ती अशी : ताकदीसाठी कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊ केले, तर मूल हवे असलेल्याने ते घेऊ नये. बाहेरून रस मिळाला की आतले शुक्रजंतू आणखीच घटतात.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून धीर धरावा लागतो. त्याला गोळी सुटायला चार महिने लागले. मध्ये एकदा पाय घसरला. तेव्हा बायकोनेच त्याला हाताला धरून पुन्हा आणले. पुढच्या तपासण्यांत आकडे हळूहळू चढू लागले. सर्वांचेच असे होते, असे मी म्हणणार नाही. पण गोळी सुटल्यावर पुष्कळांची गाडी रुळावर येते.

अण्णासाहेबांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. ज्या गोष्टी लोक कुजबुजत, त्या त्यांनी स्वच्छ मराठीत छापल्या आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. अन् आज त्यांच्या वडिलांच्या नावाच्या वस्तीत एक तरणा गडी आठ वर्षे गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याची शिक्षा त्याची बायको सहा वर्षे भोगते!

पाळणा हलला की नाही, ते विचारू नका; तो त्या दोघांचा प्रश्न. मात्र गेल्या दिवाळीत सासूबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. सून बरोबर होती. गळ्यातला ताईत दिसला नाही. मी काही विचारण्याआधीच बाई म्हणाल्या, “मीच काढला, डॉक्टर. तिच्या गळ्यात उगीच बांधला होता.”