स्लाउ: घर ठरवण्याआधी गाडी बघा

लंडनमध्ये नोकरी लागली, पण तिथली भाडी ऐकून घाम फुटला, असं कोणी म्हटलं की स्लाउचं नाव हमखास निघतं. स्पेलिंग बघून आपण 'स्लो' म्हणतो; उच्चार मात्र स्लाउ. पॅडिंग्टन स्टेशनपासून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटर.

गंमत म्हणजे १८३८ मध्ये रेल्वे आली तेव्हा शेजारच्या ईटन कॉलेजच्या विरोधामुळे इथे स्टेशन बांधायला मनाई होती. कंपनीने गाड्या तशाच थांबवल्या आणि तिकिटं पबमधून विकली! स्टेशन उभं राहिलं १८४० मध्ये.

आज इथून दोन सेवा आहेत. ग्रेट वेस्टर्नची जलद गाडी वीसेक मिनिटांत पॅडिंग्टनला पोहोचते. एलिझाबेथ लाइन जवळपास दुप्पट वेळ घेते, पण २०२२ च्या नोव्हेंबरपासून ती थेट शहराच्या पोटातून पुढे जाते. ऑफिस कॅनरी व्हार्फला असेल तर गाडी न बदलता पोहोचता येतं. म्हणून घड्याळ लावायचं ते घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत. लँग्ली आणि बर्नम ही स्टेशनंही स्लाउमध्येच मोडतात, पण जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. घर दाखवणारा एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

नवखे लोक फसतात ते ऑयस्टर कार्डात. लंडनभर चालणारं हे कार्ड स्लाउला चालत नाही; वेस्ट ड्रेटनच्या पुढे त्याची हद्द संपते. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा टेकवा, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

खाण्यापिण्याची चिंता नको. २०२१ च्या जनगणनेत जवळपास निम्मी वस्ती आशियाई वंशाची निघाली, त्यामुळे तूरडाळ, कोथिंबीर शोधत फिरावं लागत नाही. मुलं असतील तर मात्र नीट ऐका. इथल्या सरकारी ग्रामर शाळांना फी नाही, पण प्रवेश परीक्षेतून मिळतो. परीक्षा साधारण दहा-अकराव्या वर्षी, सप्टेंबरात. नोंदणी त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. ऑक्टोबरात सामान घेऊन उतरलात, तर बहुतेक गाडी चुकलेली असते.

आणखी एक. स्लाउ कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये तिजोरी रिकामी झाल्याची अधिकृत नोटीस काढली. २०२३ मध्ये कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला. हा कर तिकडे सहसा भाडेकरूच भरतो, तेव्हा घरभाड्यात तो धरूनच हिशेब करा.

सुट्टीच्या दिवशी विंडसरची छोटी गाडी सहा मिनिटांत किल्ल्यापाशी सोडते. फक्त रविवारी निघण्याआधी वेळापत्रक बघा. मुंबईकर ज्याला मेगाब्लॉक म्हणतात, तो तिकडेही असतो.