आराखडा येण्याआधी

सकाळी ७, भोर. पिशवीत गावनकाशाच्या प्रती, काही सातबारे, मोजणीची टेप आणि रंगीत पेन्सिली. नगररचना मी पुण्यात शिकले. आता भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना मोकळ्या जागांची नोंद करायला मदत करते. जागा गेल्यावर मोर्चे निघतात, पण ती नकाशावर हिरवी करून घ्यायला फारसं कुणी येत नाही. माझं काम तेवढंच आहे.

सकाळी ८.३०, नसरापूरच्या अलीकडे. महामार्गाच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं भराव टाकून प्लॉटसाठी सपाट झालीत. मंजूर रेखांकनाची प्रत हातात घेऊन मी जागेवर चालते. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चाळीस आर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी ठेवावी लागते. कागदावर ती आहे. प्रत्यक्षात ती ओढ्याकडेच्या निमुळत्या कोपऱ्यात आहे, जिथे पोरांना धड धावता येणार नाही. रेखांकन मंजूर होताना कुणी विचारलं असतं, तर हाच तुकडा मधोमध आला असता.

शेजारच्या शेतातली गोष्ट याहून वाईट आहे. तिथे रेखांकनच नाही. गुंठा-गुंठा विकून सातबाऱ्यावर सामाईक नावं चढवली आहेत. मंजुरी नाही म्हणून १० टक्के नाही, आणि बारा फुटांचा रस्ता तोही तोंडी कबुलीवर.

सकाळी ११, वेल्ह्याच्या वाटेवरची एक ग्रामपंचायत. चहा होतो. मी गावनकाशा टेबलावर पसरते. सरपंचताई गायरानावर बोट ठेवतात. बाकावरचे अण्णा म्हणतात, “गायरान गावाचंच हाय की, ताई. कोण नेतंय?”

“अण्णा, तुम्हाला ते गुरांचं रान दिसतं. आराखडा करणाऱ्याला ती रिकामी सरकारी जमीन दिसते.”

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्यानंतर १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गायरानं इतर कामांसाठी द्यायला कडक बंधनं आली. पण गावाने स्वतःची यादी केली नसेल तर आधार कुठला दाखवायचा? आम्ही लिहायला बसतो: गायरान, स्मशानभूमी, देवराई, जत्रेचं पटांगण, पाणवठा, ओढ्याचे दोन्ही काठ. प्रत्येकापुढे गटनंबर. यात दोन तास जातात. दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुपारी १.३०. डबा खाताना सरपंचताई विकास आराखड्याचं विचारतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत या दोन्ही तालुक्यांतली काही गावं येतात. २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्दच केला. प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूपावर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. डोंगराआडच्या वाडीला बातमी कळेपर्यंत त्यातले निम्मे सरलेले असतात. शिवाय याच कायद्यात कलम १२७ आहे. खासगी जमिनीवर मैदानाचं आरक्षण पडलं आणि दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादन न झाल्यास आरक्षण उठतं. माझं मत स्पष्ट आहे: संपादनाचा पैसा नसेल तिथे आरक्षणाच्या भरवशावर राहू नये. जी जमीन आधीच सार्वजनिक आहे, ती पहिल्यांदा राखावी.

दुपारी ३.३०, वेल्हे. समोर तोरणा. उताराच्या जमिनीवर पोकलेनने पायऱ्या पाडल्या आहेत. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. आम्ही पाणलेव्हलची नळी धरून मोजतो. पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटरपेक्षा बरीच जास्त चढण निघते. फोटो, गटनंबर, तारीख. अर्ज उद्या तहसील कार्यालयात जाईल.

पुणे महापालिकेत समाविष्ट २३ गावांच्या टेकड्यांवर जवळपास हजार हेक्टर जैवविविधता उद्यान आखलं गेलं, मोबदल्याचा वाद रेंगाळला आणि टेकड्या कुरतडल्या गेल्या. इथे तसं होऊ द्यायचं नाही. पानशेत आणि वरसगावचं पाणी याच डोंगरांतून पुण्याला जातं. पुणेकरांनाही या उतारांची काळजी वाटली पाहिजे.

संध्याकाळी ७. परतल्यावर ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा लिहिते. गावनकाशा, यादी आणि ठराव असे तीन कागद प्रत्येक गावाच्या दप्तरात हवेत.

नवा आराखडा कधीतरी होणारच. तुमचं गाव या पट्ट्यात असेल तर पुढच्या ग्रामसभेत उभे राहा, मोकळ्या जागांची यादी गटनंबरासह वाचून घ्या, ठराव करा आणि त्याची पोच घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवा.